आवाज नाही म्हणून पुसलं

तुम्हाला चोर म्हणायचीही सोय तुम्ही ठेवली नाहीत. चोर निदान घरात शिरतो, कपाट उघडतो, काय उचलायचं आणि काय सोडायचं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. तुम्ही बघितलंसुद्धा नाही. एका गेलेल्या माणसाचे हात तुम्ही पुसून टाकलेत आणि वर त्याच्या मुलीला कळवलंत, की आपल्या संग्रहातल्या सदोष फायली आम्ही साफ केल्या आहेत, आता आपल्याला भरपूर जागा मिळेल.

जागा तिने मागितली होती का? "आठवणी आमच्याकडे ठेवा, फोन मोकळा करा," हे तुमचंच सांगणं. तिने विश्वास टाकला. आठवणी तुमच्या स्वाधीन केल्या, फोन मोकळा केला. मग तुमच्या यंत्राने त्या आठवणींची झाडाझडती घेतली, त्यांत आवाज सापडला नाही, आणि आवाज नाही म्हणजे माल बिघडलेला, असं ठरवून ते मोकळं झालं.

त्या व्हिडिओंत आवाज कुठून असणार? त्या घरात थोरल्यापासून धाकटीपर्यंत सगळे बहिरे.

आई बहिरी, बाबा बहिरे, मुलगी बहिरी, नात बहिरी. "गवयांचं घराणं असतं तसं आपलं बहिऱ्यांचं," असं बाबा म्हणायचे. म्हणायचे म्हणजे हातांनी. त्या घरात बोलणं हातांनीच होतं. भांडण, चेष्टा, लाड, टोमणे, सगळं. नावंही हातांचीच. बाबांच्या बोटांना जन्मभर छापखान्याची शाई, म्हणून त्यांचं नाव शाई. मुलगी लहानपणापासून समोरच्याचं खोटं पकडलं की एक भुवई वर करायची, म्हणून ती भुवई. तिची चार वर्षांची मुलगी जिन्याची शेवटची पायरी कधी उतरून आलीच नाही, उडी मारूनच आली, म्हणून उडी. आईचं नाव मात्र आईच राहिलं.

आई आणि बाबा एकाच छापखान्यात होते. बाबा यंत्रावर, आई शेजारच्या खोलीत पुस्तकबांधणीला. तिथल्या यंत्रांच्या धडधडाटाने इतरांचे कान कामातून गेले. या दोघांचं काय जाणार? मालकाला बहिरी माणसं फार आवडायची. कान गेले म्हणून त्याच्या दारात तक्रार घेऊन ती येत नसत.

छापखाना बंद पडला आणि बाबांना दुसरा धंदा सापडला: गोष्टी सांगायचा. स्वयंपाकघरात खिडकीसमोर एक स्टूल होतं. उजेड हातांवर पडायला हवा म्हणून बाबा त्याच स्टुलावर बसायचे. लिफ्टमध्ये अडकलेल्या हत्तीची गोष्ट सांगताना ते हत्तीही व्हायचे, लिफ्टचा दरवाजाही व्हायचे आणि मागे अंग चोरून उभी राहिलेली लठ्ठ बाईही. शिंप्याने नदी कापून तिची चादर शिवली, ती एक. खऱ्या गोष्टीही असत: आईने पहिल्याच भेटीत त्यांच्या शाईच्या बोटांना हात लावायला कसा नकार दिला, भुवई जन्मली तेव्हा काय झालं. उडी पाळण्यात होती तेव्हापासून भुवई हे सगळं फोनवर टिपत होती.

तो फोन त्याच्याही आधी एकदा मोरीत पडला होता. पुसला, वाळवला, चित्र आलं. काम झालं. त्याचा माइक त्याच दिवशी मेला होता, हे कळायला घरात कोणाला ऐकू यायला हवं ना. त्यामुळे पुढचे सगळे व्हिडिओ ठार मुके निघाले. नळाचा आवाज नाही, पंख्याचा नाही, रस्त्याचा नाही.

बाबा गेले. थोड्या महिन्यांनी तुमचं सफाईचं कळवणं आलं. भुवईने संग्रह उघडला. उरलं काय होतं? तिच्या ऐकू येणाऱ्या मामेभावाने एका समारंभात घेतलेले तुकडे. त्यांत बाबांची पाठ दिसते, पुढून वाढप्यांची ये-जा आणि मागे पंख्याची घरघर. ते तुमच्या यंत्राला पसंत पडले.

तिने तुम्हाला लिहिलं. तुमच्याकडून उत्तर आलं, की आपल्या भावना आम्ही समजू शकतो, कृपया फायलींचा ध्वनी तपासून त्या पुन्हा चढवाव्यात. तिने भुवई वर केली आणि फोन उलटा ठेवला.

यात अडलं कोणाचं? उडीचं. शाळेत बाईंचा हट्ट, की मुलांनी ओठ बघून शिकायचं, हात मांडीवर ठेवायचे. घरी येऊन ती हात मोकळे सोडायची आणि टीव्हीवरच्या बाबांसमोर बसायची. तिची निम्मी भाषा त्या स्टुलावरच्या माणसाकडून आलेली. व्हिडिओ गेल्यावर ती काळ्या पडद्यासमोर उभी राहून सोंड करायची, मग दोन्ही तळहातांनी लिफ्टचा दरवाजा लावायची, आणि मागे वळून बघायची. पुढचं तिला येत नव्हतं.

"तू सांग ना गं आई," भुवई म्हणायची.

"मला पुस्तकं बांधता येतात," आई म्हणायची, "लिहिता येत नाहीत. तो सांगायचा आणि मी पानं लावायची, असंच चाललं आमचं." तिने एकदा हत्ती करून बघितला. उडीने शांतपणे आजीचे हात धरून खाली ठेवले. यावर आईने तोंड पाडलं आणि भुवईला हसू आवरेना.

मग एके दिवशी संध्याकाळी बाबांचा छापखान्यातला दोस्त आला. बारा महिने टोपी घालणारा, म्हणून टोपी. तोही बहिरा. भुवईने त्याला झालं ते सांगितलं.

"थांब थांब," टोपी म्हणाला. "शाईने मला पेनड्राइव्ह भरून दिला होता. माझ्या टीव्हीला तेवढंच कळतं."

"काय काय आहे त्यात?"

"सगळंच असेल. हत्ती आहे. शिंपी आहे. तुझ्या जन्माचं पण आहे. तुझा बाप एक प्रत जास्तीची काढल्याशिवाय राहिला असता का कधी?"

खरं होतं ते. छापखान्यात प्रत्येक कामाची एक प्रत बाबा बाजूला ठेवायचे. मालक ओरडायचा. ओरडणं बाबांना ऐकू जात नव्हतं.

आईने टोपीसाठी चहा टाकला आणि भुवईने तिथेच ठरवलं. आता हे परत कोणाच्या घरी ठेवायचं नाही. आपल्याच घरात, आपल्याच फळीवर ठेवायचं, आणि तिथून टीव्हीवर, फोनवर, हवं तिथे बघायचं. असा सर्व्हर लोक जुन्या कॉम्प्युटरवर घरीच उभा करतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसाएवढी चूक झाली तर माणसाला पायरी दोनदा दिसते, हे जाणणारी बाई. कॉम्प्युटरचं तिला काही येत नव्हतं, पण बारीक कामाची भीतीही नव्हती.

जुने कॉम्प्युटर विकणारा एक माणूस बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. त्याच्या मिशा एवढ्या दांडग्या, की ओठ वाचायची सोयच नव्हती. तिने मनातल्या मनात त्याचं नाव मिशी ठेवलं आणि आपला फोन पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: मला ऐकू येत नाही. घरात राहील असा डबा हवा, ज्यातून घरातल्या सगळ्या पडद्यांवर व्हिडिओ दिसतील. बाहेरच्या कोणाच्या ताब्यात नको. स्वस्तात हवं.

मिशीने वाचलं, मान डोलावली आणि आतून एका कचेरीतून उतरवलेला सडपातळ कॉम्प्युटर आणला. फुंकर मारून धूळ उडवली. मग फोनवर टाइप केलं: हा पुरेल. वीज कमी खातो. डिस्क मात्र मोठी लागेल.

त्याने फडताळातून एक वापरलेली डिस्क काढली, हातात तोलली, आणि लिहायला लागला: ही मोठी आहे, स्वस्तात देतो, पण आवाज करते, म्हणजे

पुढचं त्याला लिहू न देता भुवईने फोन ओढून घेतला. तिने लिहिलं: करू दे. आमच्या घरात सगळे बहिरे. शेजाऱ्यांची भिंत जाड आहे.

मिशीने वाचलं आणि त्याचं पोट हलायला लागलं. तीही हसली. हसता हसता त्याने डिस्क कागदात गुंडाळली. त्याचं अर्धं वाक्य तसंच "म्हणजे" वर लटकून राहिलं आणि फोनचा पडदा विझला.

घरी स्वयंपाकघराचं टेबल पुसून तिने डबा उघडला. स्क्रू वाटीत, झाकण खुर्चीवर. आत बोटभर धूळ. ती रंगाच्या जुन्या ब्रशने झाडली. डिस्क खाचेत सरकवली, वायर लावली. शिकवणारे व्हिडिओ ती फोनवर बघत होती. त्यांतला एक पोरगेला माणूस अखंड बोलत होता आणि त्याच्याखाली अक्षरं उमटत होती ती एवढीच: संगीत. संगीत. संगीत.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"गातोय."

"त्याला म्हणावं, हात दाखव."

शेवटी हात दाखवणारा एक सापडला. त्याने घाईगडबड न करता एकेक पायरी करून दाखवली. फुकट मिळणारी प्रणाली दुसऱ्या एका कोऱ्या पेनड्राइव्हवरून चढवायची, ती करताना कुठे हो म्हणायचं आणि कुठे नाही म्हणायचं, मग कॉम्प्युटर इंटरनेटच्या डब्याला वायरने जोडायचा, मग टीव्हीवर अमुक चित्रावर दाबायचं. दोनदा चुकलं. एकदा सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. भुवई चिडली की जीभ दातांत धरायची.

"बापासारखी जीभ काढतेस," आई म्हणाली. "त्याचंही यंत्र अशाने सुरू व्हायचं नाही. पण तो थांबायचा नाही."

तिसऱ्या खेपेला डबा लागला. टोपीच्या पेनड्राइव्हवरचं सगळं तिने त्यावर उतरवून घेतलं आणि टीव्ही लावला. आता गंमत बघा. हा सर्व्हर स्वतःला शहाणा समजतो. टाकलेला प्रत्येक व्हिडिओ म्हणजे कुठला तरी गाजलेला सिनेमाच, असं धरून तो त्याला पोस्टर चिकटवतो. हत्तीच्या गोष्टीला त्याने जंगलात बंदूक घेऊन धावणारा एक उघडाबंब नट चिकटवला. शिंप्याच्या गोष्टीला रक्ताने माखलेली कात्री. आणि भुवईच्या जन्माच्या गोष्टीला भूत.

आई बंदूकवाल्याकडे बराच वेळ बघत राहिली. "लग्नात असाच दिसत होता," ती म्हणाली, आणि दोघी टेबलावर डोकं टेकून हसल्या.

भुवईने मग एकेक पोस्टर काढलं आणि त्या जागी बाबांचीच चित्रं लावली. हत्तीला सोंड केलेला हात, शिंप्याला ताणलेली बोटं. उडीला वाचता येत नव्हतं, पण आता चित्र दाबलं की आजोबा. दुपारी शाळेतून आली की दप्तर टाकायची, हत्ती दाबायची, आणि लिफ्टमधल्या लठ्ठ बाईपाशी जमिनीवर लोळायची. भुवईचा नवरा परगावी गोदामात कामाला होता, तोही तिकडून फोनवर सासऱ्याला बघायला लागला. टोपी चहाच्या वेळी यायचा, टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि दोस्ताच्या विनोदांना उशिरा हसायचा, पूर्वी हसायचा तसाच.

"तुझा पेनड्राइव्ह नीट ठेव हं काका," भुवई एकदा म्हणाली.

"तो का? त्यावर नातीचे नाच भरले. तुमच्याकडे आहे की आता सगळं."

भुवईची भुवई वर गेली. मग तिने फळीकडे बघितलं. फळीवर डबा होता. डब्यावर हिरवा दिवा होता.

असे बरेच दिवस बरे गेले. आईला एक खोड होती. ती दुपारी टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसायची आणि एक हात डब्यावर ठेवायची, मांजर असावं तसा. तो ऊबदार असे आणि आत काहीतरी फिरत असल्याचं तळहाताला लागे. छापखान्यात त्या दोघांनी अख्खं आयुष्य असंच काढलं होतं. यंत्र बरं आहे की नाही ते जमिनीतून तळपायांना कळायचं.

एका दुपारी तिने भुवईला हात हलवून बोलावलं. "हे अडखळतंय."

"काय अडखळतंय?"

"तुझा डबा. चालतो, थांबतो, दोनदा ठेच खातो, परत चालतो. काल कमी होतं."

"आई, तो काय छापखाना आहे का? हिरवा दिवा लागलाय. लाल लागला की बिघडलं, असं असतं यात."

"आमच्या मोठ्या यंत्राचे पण सगळे दिवे लागलेले होते, आणि बेअरिंग गेलं."

"यात बेअरिंग नसतं."

"आत फिरतंय ना काहीतरी?"

"डिस्क फिरते."

"मग ती हवेवर फिरते काय? हात ठेव."

भुवईने वैतागून हात ठेवला. सुरुवातीला नुसती बारीक थरथर लागली. मग ती थरथर तुटली. तळव्याला एक टोला बसला. आणखी एक. मग काहीच नाही. मग पुन्हा थरथर. समोर टीव्हीवर बाबांचा हात सोंडेच्या अर्ध्यातच थिजला होता आणि उडी पडद्याला बोटाने ढोसत होती.

भुवईने झटकन हात उचलला. मिशीचं ते अर्धं वाक्य तिला आत्ता आठवलं. पण आवाज करते, म्हणजे. म्हणजे काय? तिने तर आवाज म्हणजे लोकांना होणारा त्रास एवढंच धरलं होतं. घोरणारा माणूस, भुंकणारं कुत्रं, वरच्या मजल्यावरचे पाय; ऐकू येणारे याच तर तक्रारी करत असतात. यंत्राला काही दुखत असलं तर ते ओरडून सांगतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या घराबाहेरच्या कुठल्याही शेंबड्या पोराला ते कळलं असतं.

तिने मिशीला व्हिडिओ कॉल लावला. त्याचा चेहरा दिसल्यावर काही लिहायच्या आत फोन डब्याजवळ धरला. हा नवा फोन होता, त्याचा माइक जिवंत होता. दोघी मिशीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आधी तो ओळखीचं हसला. मग मान तिरकी केली. मग मिशांसकट सगळा चेहरा खाली आला.

त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो पडद्यासमोर धरला: बंद करा. आत्ता. परत चालू करू नका. घेऊन या.

आईने आधी वायर ओढली, मग विचारलं काय लिहिलंय ते.

तिघी दुकानात गेल्या. उडी डबा आपणच धरणार म्हणून हटून बसली, शेवटी एक कोपरा तिला द्यावा लागला. मिशीने डिस्क काढून आपल्या यंत्राला लावली, तोंडाने काहीतरी पुटपुटला, मग फोन घेतला. हिच्या आतली सुई मरत आलीय, त्याने लिहिलं. मी तेव्हा हेच सांगत होतो. अशी डिस्क भरताडाला चालते, जे गेलं तरी चालतं त्याला. तुम्ही हसलात, मीही हसलो. मी पुढचं सांगायला हवं होतं.

भुवईने लिहिलं: मी विचारायला हवं होतं.

मिशीने नव्या डिस्कचं पाकीट फोडलं. तिच्या पैशांचं त्याने नाव काढलं नाही, नुसती लावली. मग लिहिलं: एकेक फाइल काढतो. किती वेळ टिकेल सांगता येत नाही. जी सगळ्यांत आधी हवी ती आधी सांगा.

भुवईने हे आईला सांगितलं. उडीला विचारायची गरज नव्हती, ती कधीची सोंड करून उभी होती.

हत्ती पहिला. पट्टी पडद्यावर हळूहळू भरत गेली, मध्ये अडली, परत सरकली. हत्ती आला. मग शिंपी. तोही आला.

"आता तू सांग," भुवई आईला म्हणाली.

"तो चष्मा शोधतो तो," आई म्हणाली.

"त्यात काय आहे? त्यात गोष्टच नाही. मी चुकून चालू ठेवला होता फोन."

"म्हणून तो. त्यात तो कोणाला काही सांगत नाहीये. नुसता घरात आहे."

चष्मा शोधणारे बाबा आले. ते सबंध व्हिडिओभर टेबलाखाली, फळीवर, आईच्या पदराखाली चष्मा शोधतात आणि तो त्यांच्या कपाळावर असतो. मग शाईच्या बोटांची गोष्ट आली, मग छोट्या-मोठ्या बऱ्याच. भुवई एकेक नाव दाखवत होती आणि दर वेळी एका नावावरून बोट पुढे नेत होती. तिच्या जन्माची गोष्ट. ती तिला पाठ होती. पाठ असलेलं काय आधी काढायचं? थोरल्या लेकी ताटं वाढताना स्वतःचं शेवटी वाढून घेतात, तसं तिने ते शेवटी ठेवलं.

शेवटी तेवढंच उरलं. मिशीने दाबलं. पट्टी सरकली, अर्ध्याला आली आणि थांबली. मिशीने कान डिस्कजवळ नेला. आईने हात डिस्कवर ठेवला. दोघांनी एकदमच मान वर केली. सांगायचं काही उरलं नव्हतं. भुवईने तरी आईला विचारलं.

"थांबलं," आई म्हणाली.

मिशीने परत परत करून बघितलं. थंड करून बघितलं, उलटी धरून बघितलं. मग हात टेकले. जे वाचलं त्याच्या त्याने आपणहून आणखी प्रती काढल्या आणि त्या पेनड्राइव्हांवर भरल्या. देताना तो अडखळला आणि लिहिलं: यांत कुठेच आवाज नाही. माइक मेलेला होता वाटतं. हवं तर मी प्रत्येकात थोडा आवाज भरून देतो. पावसाचा, पंख्याचा, कसलाही. मग पुन्हा कुठलं यंत्र यांना सदोष म्हणून पुसणार नाही.

माणूस भल्या मनाने बोलत होता. भुवईने वाचलं, आईला सांगितलं. मग लिहिलं: नको. ते सदोष नाहीत.

मिशीने वाचलं आणि दोन्ही हात जोडल्यासारखे केले, मग एक कानाला लावला. चुकलो म्हणायची ही त्याची पद्धत. उडीला ती खूण फार आवडली. वाटभर ती तेच करत आली.

घरी नव्या डिस्कचा डबा फळीवर गेला. एक पेनड्राइव्ह टोपीकडे गेला, नाच भरलास तर टोपी जप्त करीन अशा धमकीसकट. एक परगावी नवऱ्याकडे. एक भुवईने चष्म्याच्या दुकानात आपल्या खणात ठेवला. बाबांची सवय तिने उशिरा का होईना उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून उजेड आला तेव्हा आई स्टुलावर जाऊन बसली. इतके महिने त्या स्टुलावर कोणी बसलं नव्हतं.

"फोन धर," ती म्हणाली.

"आई, तुला येत नाही म्हणतेस ना?"

"त्याच्यासारखं येत नाही. पण मी तिथे होते, तुझ्या जन्माला. तो बाहेर बाकावर होता आणि मी आत होते. खरं म्हणजे ही गोष्ट माझीच. त्याने ढापलेली."

भुवईने जुना फोन घेतला, माइक मेलेला. आईने हात पुसले आणि सुरू केलं. तिचे हात बाबांसारखे नाचत नव्हते. ते पुस्तक शिवणाऱ्या बाईचे हात, एक टाका घालून दुसऱ्याकडे बघणारे. तिने नर्स केली. नर्सने बाळाच्या कानाशी टाळी वाजवली. बाळ हललं नाही. पुन्हा वाजवली. नर्सचा चेहरा पडला. तिने डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी जमिनीकडे. मग दार उघडून ते बापाला सांगायला गेले, की मुलीत दोष आहे. बाप बाकावर होता. त्याने त्यांचे पडलेले चेहरे बघितले आणि त्याला वाटलं, बाळ गेलं. मग त्याला कागदावर लिहून दाखवलं, की मुलगी सदोष आहे, तिला ऐकू येत नाही. एवढंच? त्याने विचारलं. एवढंच? आणि तो त्या चकचकीत फरशीवर शाईचे हात वर करून नाचायला लागला. आपली आहे, आपली आहे.

इथे आईचे हात थांबले. नाचाचं तिला जमेना. तिने ते नुसते वर धरून ठेवले. जमिनीवर बसलेली उडी उठली, स्टुलापाशी गेली, दोन्ही हात वर केले आणि आजीसाठी नाचली. ही गोष्ट तिने पूर्वी बघितली होती. तो भाग तिला येत होता.

फोन भुवईच्या हातात हलला, म्हणून शेवटचं चित्र थोडं वेडंवाकडं आलंय. ते आता फळीवरच्या डब्यात आहे आणि आणखी तीन ठिकाणी आहे. भुवईच्या जन्माचं बाबांनी सांगितलेलं मात्र कुठेच नाही. ते तुमच्याकडे होतं. धडधाकट होतं. त्यात एक माणूस लेक बहिरी निघाली म्हणून आनंदाने नाचत होता, आणि तुम्ही त्याच्यावर तोच शब्द मारलात जो त्या दवाखान्यात त्याला लिहून दाखवला होता.

तुमच्या भावना, तुमची दिलगिरी, तुमची जास्तीची जागा त्या घरात कोणालाही नको आहे. एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि ते यंत्राकडून नको. खिडकीसमोरचं स्टूल रिकामं आहे, उजेड हातांवर नीट पडतो. तिथे येऊन बसा आणि सांगा: पुसण्याआधी तो व्हिडिओ तुमच्यापैकी एका तरी माणसाने बघितला होता का?